अजिंक्य टीम आणि वांग्याचं भरीत

"आधी जेवन, मंग खेय," असं म्हणत आबा समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि त्याला खाली बसवायचे. खेय म्हणजे खेळ. खानदेशात, नरडाण्याकडच्या माणसाच्या तोंडी ळ फार वेळ टिकत नाही. समोरचा कोण आहे, याच्याशी त्या हाताला देणंघेणं नसायचं. पुण्याचा ताडमाड खेळाडू असो, नाशिकचा कोच असो, नाहीतर गळ्यात शिट्टी अडकवलेला पंच असो, आबांचा पंजा खांद्यावर पडला की माणूस पंगतीत बसायचाच. मग त्याच्यापुढे पत्रावळ यायची, पुऱ्या यायच्या, आणि मागून एका हातात बादली, दुसऱ्या हातात डाव घेऊन स्वतः आबा यायचे. बादलीत वांग्याचं भरीत असायचं. सामना दोन तासांवर आलेला असायचा.

जळगावातली आमच्या तेलगिरणीची बास्केटबॉल टीम वर्षानुवर्षं का हरली नाही, ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ते कळलेलं होतं. आबांना कळलं होतं की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नावर मी माझी नोकरीची बरीच वर्षं घालवली.

टीम निघाली कशी, ते आधी सांगतो. आमच्या मोठ्या शेठना खेळाचं फार प्रेम होतं, असं त्यांच्या शोकसभेत तीन-चार जणांनी सांगितलं. सांगू द्या. खरी गोष्ट अशी, की धुळ्याला त्यांच्या व्याह्यांची गिरणी होती, त्या गिरणीची व्हॉलीबॉलची टीम होती, आणि व्याही प्रत्येक लग्नकार्यात तिचा विषय काढायचे. शेठना व्याह्यांच्या वरचढ असं काहीतरी हवं होतं. बास्केटबॉलची रिंग व्हॉलीबॉलच्या जाळ्यापेक्षा उंच असते, हे त्यांना कोणीतरी सांगितलं. तेवढं त्यांना पुरलं.

गिरणीच्या आवारात शेंगा वाळवायचं सिमेंटचं खळं होतं. त्याच्या दोन टोकांना लोखंडी पोल रोवले आणि खेळाडू नेमले. आमचे खेळाडू हौशीबिवशी नव्हते बरं का, चांगले पगारी, व्यावसायिक होते. म्हणजे मस्टरवर हमाल, सकाळी पोती उचलायची आणि दुपारनंतर चेंडू. मी टाइम ऑफिसात कारकून. अक्षर बरं म्हणून मला गुणलेखक केलं. एका बास्केटला किती गुण मिळतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण त्या टीममध्ये मी एकटाच अडाणी होतो असं समजू नका.

"हा खेळ कोणी खेळलंय का?" शेठनी गोदामात येऊन विचारलं. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. आबा तेव्हा गोदामाचे मुकादम होते. ते पुढे झाले. "पलटणमा रोज खेय व्हता ना, शेठ."

पलटणीत रोज खेळ असायचा, हे खरं होतं. आबा पलटणीत होते, हेही खरं होतं. फक्त ते लंगरात होते, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, आणि मैदान लंगराच्या खिडकीसमोर होतं. पोळ्या लाटता लाटता त्यांनी तो सगळा खेळ खिडकीतून बघितला होता. शेठनी पुढचं विचारलं नाही, आबांनी सांगितलं नाही. अशा रीतीने आम्हाला अनुभवी कोच मिळाला.

खेळाडू निवडायची आबांची परीक्षा साधी होती. गोदामाचं मागचं दार जरा बुटकं होतं. उमेदवाराने त्या दारातून आत यायचं. डोकं चौकटीला आपटलं तर टीममध्ये, नाही आपटलं तर वजनकाट्यावर. भरती संपली तेव्हा सगळ्या टीमच्या कपाळाला टेंगळं होती आणि शेठ कौतुकाने बघत होते.

शिकवणं त्याहून सोपं. पेंडीची पोती ट्रकपासून थप्पीपर्यंत न्यायची तर हमाल ओळ करून उभे राहतात. आलेलं पोतं छातीशी धरायचं नाही, आलं तसं पुढच्याकडे लोटायचं. आबांनी तेच चेंडूने करायला लावलं. "पोतं हातमा धरी बसना, तो मरना," एवढंच त्यांचं शास्त्र. एखादा गडी चेंडू टप टप आपटत स्वतःच पुढे पळायला लागला की आबा बाहेरून ओरडायचे, "अरे, लगीनमा नाचस का?" तो बिचारा लाजून चेंडू देऊन टाकायचा.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांकडून हरलो. धुळ्याच्या कॉलेजकडून हरलो, चाळीसगावच्या पोरांकडून हरलो. व्याह्यांच्या व्हॉलीबॉलवाल्यांनी गंमत म्हणून एक सामना मागितला, त्यांच्याकडूनही हरलो. शेठ दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

दुसऱ्या वर्षी शेठनी जानेवारीत स्वतःचीच स्पर्धा भरवली. बाहेरगावच्या टीम आल्या. त्यांना गोदामात उतरवलं आणि जेवायला स्टँडवरच्या हॉटेलात जायला सांगितलं. आबांनी ते ऐकलं आणि कानाला हात लावले. पाहुणा आपल्या दारात उतरतो आणि हॉटेलात जेवतो? लंगरातल्या माणसाला हे सहन होणार कसं! त्या दुपारी त्यांनी खळ्याच्या कडेला कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या आणि हिरवी, पांढरट, हातभर वांगी त्यावर भाजायला घातली.

खानदेशातलं भरीत ज्यांनी खाल्लं नाही, त्यांना काय सांगू? काड्यांवर भाजलेली वांगी सोलायची, लाकडी डोणीत भाजलेल्या मिरच्या आणि लसणासोबत मुसळाने ठेचायची, मग कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि तेल. तेल किती? आमची तेलगिरणी होती हो. तिथे हात आखडता घ्यायला आबा काय मूर्ख होते? भरीत बादलीत हललं की कडेने तेल हलायचं.

आणि आम्ही जिंकलो. फायनलला इंदूरची टीम होती, तगडी, देखणी. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा कप्तान पोलला टेकून उभा राहिला तो राहिलाच. त्यांचा एक गडी चेंडूमागे धावला आणि अर्ध्या वाटेत विचार बदलून परत आला. पंचही जेवलेला होता. त्याच्या तोंडात शिट्टी होती, पण फुंकायला दम नव्हता. कप शेठच्या केबिनमध्ये गेला आणि त्यात पेनं राहायला लागली.

मग हे दरवर्षीचं झालं. कप वाढत गेले. पेनांचा झाला, उदबत्त्यांचा झाला, एकात शेठ सुपारी ठेवायचे. बाहेरगावी सामना असला तरी आबा भरीत सोडायचे नाहीत. वांगी भाजून, ठेचून, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात भरून ते डबे एस.टी.च्या टपावर चढवायचे. धुळ्याला आम्ही परगावचे, पण जेवायला घालणारे आम्हीच. लोक म्हणायला लागले, या टीममध्ये पाच खेळाडू आणि सहावं वांगं आहे. हे चहाच्या टपरीवर ऐकलं की आबा सगळ्यांबरोबर हसायचे. पण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या, हे मी पाहिलं आहे.

आमची पोरं मात्र सामन्याआधी भरताला शिवायची नाहीत. तसा आबांचा नियमच होता. पाहुणा आधी, घरचा माणूस मागून. पाहुणे जेवायचे, सामना व्हायचा, आणि मग दिवेलागणीला आमचे गडी उरलेल्या भरतावर तुटून पडायचे. आता हा नियम संस्कारातून आला होता की डोक्यातून, ते तुम्हीच ठरवा. मी ठरवून टाकलं होतं.

एकदा सरळ विचारलंच. "आबा, खरं सांगा. मुद्दाम करता ना हे?"

आबा वांगं सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "पाव्हना उपाशी खेयना, तर जितीसन काय मजा शे?"

"उपाशी राहू नये, पण इतकं?"

"इतलं म्हनजे?" आबांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी त्यांच्या आईबद्दल काहीतरी बोललो होतो. "तू कधी खाल्लं शे का पोटभर? एक दिवस पोटभर खा, मंग तुले समजी."

मी खाणार कसा? मला पित्ताचा त्रास. मी आयुष्यात ते भरीत चमच्याच्या टोकाच्या पुढे खाल्लं नव्हतं, आणि आबांच्या लेखी हा माझ्या स्वभावातलाच दोष होता. गोदामात नवा माणूस आला की ते माझी ओळख अशी करून द्यायचे, "हाई आमना टाइम ऑफिसना भाऊ. चांगला शे. भरीत खात नई."

एका संध्याकाळी खळ्यावर आम्ही दोघंच होतो. पोरं गेलेली. आबांनी चेंडू उचलला, पुसला, आणि रिंगकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "भाऊ, आपली टीम चांगली शे ना रे?"

"अजिंक्य आहे, आबा," मी म्हणालो. "वांग्याच्या हंगामात."

आबा हसले. कान लाल झाले. चेंडू पोत्यात टाकून निघून गेले.

सुपडूची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सुपडू शिरपूरच्या बाजारात आबांना सापडला. एका दुकानाच्या छपराखाली टांगलेली टोपली त्याने शिडीशिवाय नुसता हात वर करून काढून दिली, आणि आबांनी तिथल्या तिथे त्याला विचारलं, "तुमना घरना दरवाजा केवढा शे रे?" पोरगा गिरणीत आला तेव्हा त्याला चेंडू धरता येत नव्हता. चार वर्षांत तो असा तयार झाला, की शेठच्या व्याह्यांनी धुळ्याहून येऊन त्याला बघितलं आणि न जेवता परत गेले. न जेवता गेलेला तो पहिला पाहुणा, पण त्याचं दुःख आबांना झालं, शेठना नाही.

मग मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने सुपडूला उचललं. पक्की नोकरी, राहायला खोली. तो आबांना विचारायला आला, तर आबाच म्हणाले, "जाय रे पोऱ्या. आठे काय पोतं उचलत मरशी?" स्टेशनवर त्याला भरताचा डबा दिला. गाडी सुटल्यावर त्यांनी बराच वेळ नाक शिंकरलं आणि धुरामुळे होतं म्हणाले. गाडी विजेची होती.

त्यानंतर मोठे शेठ वारले आणि धाकटे शेठ केबिनमध्ये बसायला लागले. त्यांनी पहिल्या आठवड्यात कपांमधली सुपारी काढून टाकली. तेल आता पिशवीतून विकायचं होतं, त्यासाठी पॅकिंगची शेड हवी होती, आणि शेडला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे आमचं खळं. आबा केबिनमध्ये गेले. काय बोलले देव जाणे. बाहेर आले तेव्हा एवढंच ठरलं होतं, की यंदाचा कप आला तर खळं राहील आणि टीमही राहील. नाही आला तर उन्हाळ्याआधी शेड.

टीम म्हणजे पोरांना काय होतं, ते धाकट्या शेठना कळणं शक्य नव्हतं. गावाकडे लोक पोरांना हमाल म्हणत नव्हते, प्लेअर म्हणत होते. दोघांची तर लग्नं त्याच्यावर जमली होती. आणि आबांना काय होतं, ते मी सांगायला नको.

त्या जानेवारीत आम्ही फायनलला आलो. समोर मुंबईची कंपनी. सुपडूची कंपनी.

दुपारी पत्रावळी मांडल्या होत्या. आबा बादली घेऊन उभे. मुंबईची टीम आली, सगळी एकसारख्या निळ्या कपड्यांत. त्यांच्या कप्तानाने हात जोडले. "माफ करा हं आबा. आमचं खाणं आम्ही आणलंय." त्याने पिशवी उघडून दाखवली. बिस्किटं, ग्लुकोज आणि केळी. जळगावात मुंबईहून केळी घेऊन येणारी माणसं मी आयुष्यात तेवढीच बघितली.

"केया मागून खा," आबा म्हणाले. "आधी जेवन." आणि त्यांनी कप्तानाच्या खांद्यावर हात ठेवला. कप्तान बसला नाही. पहिल्यांदाच असं झालं.

मागून त्यांच्यातला एकजण हसला. "आम्हाला ठाऊक आहे हो तुमचं भरीत. सुपडूने सांगितलंय सगळं. काय काय घालता त्यात?"

सुपडू खाली बघायला लागला. त्याने गमतीनेच सांगितलं असणार. आम्ही सगळेच सांगत होतो.

आबांनी बादली खाली ठेवली. "काय घालतस म्हंजे? हाई काय जहर शे का?"

आता तुम्ही सांगा, एखादा लबाड माणूस इथे काय करील? गप्प बसेल. ते जेवले नाहीत तर नाही जेवले. आमची पोरंही रिकाम्या पोटी, तेही रिकाम्या पोटी, बरोबरीचा सामना होईल. मी मनातल्या मनात आबांना सांगत होतो, गप्प बसा, गप्प बसा.

आबा वळले. "बसा रे. बठ्ठा बसा." बठ्ठा म्हणजे सगळे. हे आमच्या पोरांना.

"आबा, मॅच आहे ना आत्ता," आमचा कप्तान म्हणाला.

"बसा म्हनस ना मी!"

मी धावत जाऊन त्यांच्या कानाशी म्हणालो, "आबा, शेड! शेड होईल इथे."

"व्हऊ दे," आबा म्हणाले. आवाज असा होता की मी मागेच सरलो. "मना हातनं खाईसन कोनी मरस का, दखू दे त्यास्ले."

पोरं बसली. आबांनी वाढायला सुरुवात केली. तसा आग्रह मी त्यांना पूर्वी कधी करताना पाहिला नव्हता आणि पूर्वी त्यांनी काही कमी केला नव्हता. डावावर डाव. पोरंही इरेला पेटलेली. त्यांच्या आबाला कोणी विष घालणारा म्हणतंय? त्यांनी पुऱ्या मोडल्या, भरीत ओढलं, बोटं चाटली, आणि मुंबईवाल्यांकडे बघत बघत पुन्हा मागितलं. मुंबईवाले केळी सोलायची विसरून उभे होते. मी एका पोत्यावर बसलो आणि कपाळाला हात लावला. अहो, इतकी वर्षं मी ज्याला पाताळयंत्री समजत होतो, तो माणूस नुसता जेवायला घालत होता! मला इतका राग आला म्हणून सांगू. जरा लबाड असता तर टीम वाचली नसती का?

तेवढ्यात सुपडू त्यांच्या घोळक्यातून निघाला आणि पंगतीच्या टोकाला येऊन बसला. "आबा, माले वाढा."

"सुपडू!" त्यांचा कप्तान ओरडला.

सुपडूने ऐकलं नाही. आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही, पण पत्रावळीवर डाव रिकामा केला. मग दुसरा केला. सुपडू मान खाली घालून जेवला, अगदी पत्रावळ पुसून.

सामना कसा झाला, ते गुणलेखक म्हणून मीच सांगू शकतो, कारण मला तिथून उठता येत नव्हतं. पहिल्या हाफमध्ये आम्ही मागे पडलो. पोरं कपाळावरचा घाम पुसत होती आणि पोटावर हात ठेवत होती. मग काय झालं कोण जाणे, त्यांनी पळणंच सोडून दिलं. जागच्या जागी उभी राहिली आणि चेंडू पेंडीच्या पोत्यासारखा फिरवायला लागली. ह्याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून ह्याच्याकडे. मुंबईवाले मधे धावून धावून लाल झाले. आम्ही बरोबरी केली. मग एका गुणाने पुढे गेलो. आबा खळ्याच्या कडेला उभे राहून काहीच ओरडत नव्हते. अगदी शेवटी चेंडू सुपडूच्या हाती आला. तो आमच्या रिंगखालीच उभा होता. त्याने हात वर केला. चेंडू आत पडला आणि सामना संपला.

एका गुणाने हरलो.

धाकटे शेठ उठून केबिनकडे गेले. आबा मैदानात आले. सुपडू पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले. "एकच सांग. पोट जड व्हतं का रे?"

सुपडूने त्यांच्याकडे बघितलं. "नई, आबा. जराबी नई."

आबांचं तोंड असं उजळलं की विचारू नका. ते माझ्याकडे वळून ओरडले, "दखं का, भाऊ? भरीत खाईसन बी पयना हाऊ! मंग इतला साल आपली टीमच जिती ना!" म्हणजे भरीत खाऊनही हा पळाला, म्हणजे भरताने कोणी जड होत नाही, म्हणजे इतकी वर्षं वांगं नाही, आपली पोरंच जिंकत होती. टीम दहा मिनिटांपूर्वी बुडाली होती आणि हा माणूस कप आल्यासारखा हसत होता. मला रडू आलं. मी गुणपत्रिकेवर मान घातली आणि तसाच बसून राहिलो.

मग आबा मुंबईवाल्यांकडे गेले. "आते तरी जेवा." ते बसले. सगळे बसले. कप्तानाने दोनदा मागून घेतलं.

उन्हाळ्याआधी शेड झाली. पोल कापून भंगारात गेले. काही पोरं हमालीतच राहिली, काही सोडून गेली. आबा नरडाण्याजवळच्या आपल्या गावी गेले आणि त्यांनी मळ्यात, दुसरं काय, वांगी लावली. मी कधी त्या बाजूला गेलो की भेटायचो. गावातल्या पारावर ते टीमचा इतिहास सांगत बसलेले असायचे आणि शेवट ठरलेला असायचा, "इचारा टाइम ऑफिसना भाऊले. भरीत खाईसन सुपडू कसा पयना!" मी मान हलवायचो. तेवढं एक खरं सांगायला मिळतंय, याचं मला बरं वाटायचं.

आबा गेले ते थंडीतच. तेराव्याला मला जाता आलं नाही. नंतर पोरांनी एका रविवारी त्यांच्या मळ्यात जमायचं ठरवलं, तेव्हा गेलो. पोरं कसली, सगळ्यांची पोटं सुटलेली, टकलं पडलेली. काड्या पेटवल्या होत्या, वांगी भाजली होती. पण जेवायला कोणी बसेना. जो तो हातात बादली नाहीतर पुऱ्यांची परात घेऊन उभा. "मी घरचा आहे, मी मागून बसतो," हे प्रत्येकाचं. एवढे उंच उंच बाप्ये वाढायला उभे आणि पंगतीत बसायला एक माणूस नाही. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अरे, मला पित्त..." मी म्हणालो.

सुपडूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आधी जेवन, भाऊ." मी बसलो.

आणि खाल्लं. पोटभर खाल्लं, आयुष्यात पहिल्यांदा. सुपडू शेजारी उकिडवा बसून वाढत होता. मी त्याला म्हणालो, "हे एवढं खाऊन तू त्या दिवशी पळालास तरी कसा रे?"

त्याने आधी इकडेतिकडे बघितलं, जसं काही आबा झाडामागे उभे आहेत. मग हळूच म्हणाला, "कसला पळतो, भाऊ? पोटात पेंडीचं पोतं होतं. रिंगखाली उभा होतो, कारण तिथून हलताच येत नव्हतं. चेंडू हातात आला, वर ढकलला. नंतर गोदामामागे जाऊन ओकलो."

"मग आबांना तू..."

"आबा विचारत होते, भाऊ. त्यांना काय सांगू?" असं म्हणून त्याने आणखी एक डाव वाढला.

मी निघालो तेव्हा मन कडू झालं होतं. म्हणजे लोक म्हणत होते तेच खरं. सगळी वांग्याचीच करामत. आबा बिचारे खोट्यावर खूश होऊन गेले, आणि मी पारावर मान हलवत होतो ती उगाच. नरडाणा स्टेशनाची वाट काही फार नाही, सपाट आहे, दोन्हीकडे कपाशी. पण मला चालवेना. पाय उचलेना. श्वास वर येईना, ढेकर खाली जाईना. एका लिंबाखाली मी पोट धरून थांबलो आणि म्हणालो, हे खाऊन माणूस स्टेशनापर्यंत जाऊ शकत नाही आणि...

आणि आमची पोरं? ती तर हेच खाऊन उतरली होती. सुपडूने दोन डाव खाल्ले, त्यांनी तर इरेला पेटून खाल्लं होतं. तेवढं पोटात घेऊन ती पूर्ण सामना खेळली, बिस्किटं खाऊन आलेल्या मुंबईच्या टीमशी, आणि हरली कितीने? एका गुणाने! ते गुण मी माझ्या हाताने लिहिले होते आणि इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. अहो, चांगली होती आमची टीम. भरीत नसतं तरी जिंकली असती. आबा, चांगली होती हो.

गाडीची वेळ झाली होती. मी स्टेशनकडे पाठ केली आणि मळ्याकडे परत निघालो. आबांना सांगायची आता सोय नव्हती, पण पोरं अजून तिथे असणार, आत्ता कुठे जेवायला बसली असणार. त्यांना पळत जाऊन सांगावं असं वाटत होतं. पण पळता कुठे येत होतं.